पुण्यातले दवाखाने बांधले कोणी? आणि आपण काय केलं?

नारायणपेठी (धागाकर्ता)
काडी टाकतोय, आधीच सांगतो.

पुण्यातल्या जुन्या रुग्णालयांची नावं ओळीने म्हणून बघा. ससून: बगदादहून मुंबईत येऊन स्थिरावलेला ज्यू व्यापारी. त्याला जोडलेलं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय: बैरामजी जीजीभाय, पारशी. जहांगीर, वाडिया: पारशी. रुबी हॉल: डॉ. ग्रँट, पारशी. रास्ता पेठेतलं केईएम: सुरुवात सरदार मुदलियारांची, आणि नावारूपाला आणलं डॉ. बानू कोयाजींनी, म्हणजे पुन्हा पारशी. ताराचंद: शेठजींचं.

आता शाळा-कॉलेजांची यादी करा. न्यू इंग्लिश स्कूल, फर्ग्युसन, हुजूरपागा, एसपी, कर्व्यांच्या संस्था. इथे सगळी आपल्या पेठांतली आडनावं. वर्गणी आपली, वाद आपले, फूटही आपली.

म्हणजे पोरं शिकवायची आपण, आणि आजारी पडलो की परक्याच्या दारात. असं का? माझं मत: शिक्षणात नाव होतं, आजाऱ्याच्या उशापायथ्याशी बसण्यात विटाळ होता. पटत नसेल तर खोडून काढा.

मुठाकाठ
पूना हॉस्पिटल सोयीस्कर विसरलात की.

नारायणपेठी
पूना हॉस्पिटल राजस्थानी आणि गुजराती धर्मादाय प्रतिष्ठानचं आहे. चला, यादीत अजून एक भर. धन्यवाद.

चकली
खारे शेंगदाणे घेऊन बसले आहे. चालू द्या.

जुनाबाजार
यादी बरोबर आहे, पण ससूनबद्दल थोडं नीट.

पायाभरणी १८६३ साली, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते. इमारत पुरी झाली १८६७ मध्ये. डेव्हिड ससून १८६४ मध्येच वारले, तेही पुण्यातच, त्यामुळे पूर्ण झालेलं रुग्णालय त्यांनी पाहिलं नाही. त्यांची कबर कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात आहे. लाल देऊळ म्हणजे ज्यूंचं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, हे नव्या मंडळींसाठी. दोन्ही इमारतींचा आराखडा एकाच माणसाचा, लष्करी अभियंता हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स याचा. ससूनचा जुना दगडी मनोरा आणि लाल देवळाचा मनोरा एकाच दिवशी पाहिले की कळतं. सुरुवातीला सोय १४४ रुग्णांची होती. आज खाटा बाराशेच्या वर आहेत आणि तरी कमी पडतात.

नवी पेठेतलं निवारासुद्धा त्यांच्याच नावाचं आहे, डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह. सदाशिव पेठेतली कितीतरी म्हातारी माणसं तिथे शेवटचे दिवस काढून गेली. ते नाव मात्र कोणी घेत नाही, सगळे 'निवारा' म्हणतात.

खडकीकर
आणि हा पैसा आला कुठून, तेही सांगा ना. अफू. चीनला अफू विकून कमावलेल्या पैशातून इथे पुण्य विकत घेतलं. तिकडे घरंच्या घरं व्यसनाने उद्ध्वस्त झाली आणि इकडे मनोऱ्यावर नाव.

जुनाबाजार
नाकारत नाही. मुंबईचं जे. जे. (१८४५) ज्यांच्या नावाचं, त्या जमशेटजी जीजीभायांचाही चीनच्या व्यापारात, अफूत आणि कापसात, मोठा हात होता. त्या काळात पश्चिम किनाऱ्यावरचा मोठा पैसा बव्हंशी तिथूनच आला. पण त्याच व्यापारातून इतरही कितीतरी लोक गबर झाले, त्यांनी काय बांधलं? वाडे.

खडकीकर
म्हणजे चोराने देऊळ बांधलं तर चोरी माफ?

जुनाबाजार
माफ कोण करतंय? देवळात जाणाऱ्याला चोर म्हणू नका, एवढंच.

हडपसरचा
धागाकर्ते, तुमच्या 'आपण'मध्ये कोण कोण बसतं ते आधी सांगा. पुणं म्हणजे नारायण, सदाशिव, शनिवार एवढंच का?

१८९७. प्लेग. सावित्रीबाई फुले तेव्हा सहासष्टीत होत्या. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर, त्याला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक प्लेगचं पोर त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेऊन तिथपर्यंत आणलं. त्यात लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला गेल्या. पोर वाचलं म्हणतात.

हा पुणेकरांनी चालवलेला दवाखाना नव्हता का? दगडी मनोरा नव्हता, म्हणून तुमच्या यादीत नाही. विटाळाचा मुद्दा तुम्हीच काढलात म्हणून सांगतो, विटाळ कोणी मानला नाही ते बघा.

नारायणपेठी
मान्य. हा मुद्दा आणायला पाहिजे होता हे खरं. पण मग प्रश्न आणखी टोकदार होतो. त्याच प्लेगमध्ये उरलेलं पुणं काय करत होतं?

अनुस्वार
उरलेलं पुणं दवाखान्याला घाबरत होतं आणि घाबरायला कारण होतं.

प्लेग कमिटीचा प्रमुख, इंग्रज अधिकारी रँड. गोरे सोजीर घरात घुसायचे, देवघर, माजघर काही बघायचे नाहीत. काखेत नाहीतर जांघेत गाठ आहे का ते तपासायचे, बायकांचंसुद्धा, आणि संशय आला की माणूस इस्पितळात, घरचे सगळे छावणीत, सामानाची होळी. तिथून माणूस परत येतो असं कोणाला वाटत नव्हतं. लोक आजारी माणसाला लपवायचे, मेलेल्याला घरात पुरायचे. २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर रँडला गोळी घातली, तो इतिहास शाळेत आहे. पण त्या आधी टिळकांनी शहरात हिंदूंसाठी वेगळं प्लेग इस्पितळ काढायला मदत केली होती, हे शाळेत नाही. टिळक त्या दिवसांत पुणं सोडून गेले नाहीत, बरेच पुढारी गेले.

म्हणजे धागाकर्त्यांच्या यादीत अजून दोन नोंदी. दोन्ही तात्पुरत्या. दोन्हींना इमारत नाही.

मुठाकाठ
+१. आमच्या घरात अजून म्हातारी माणसं "इस्पितळात घातलं" म्हणतात, "नेलं" नाही. तुरुंगात घातल्यासारखं.

बिनपगारी
अवांतर, पण राहवत नाही. पुण्याजवळच्या शस्त्रक्रियेचं तुम्ही कोणी नाव घेत नाही म्हणजे काय!

कावसजी नावाचा गाडीवान. ब्रिटिश फौजेचे बैल हाकायचा. टिपूच्या माणसांनी पकडून नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळच्या एका कारागिराने, हा माणूस कुंभार जातीचा असं लिहिलंय, कपाळाची कातडी वळवून त्याला नवीन नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक करून माप घेतलं, ते कपाळावर पसरून आखलं आणि मग कापलं. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे इंग्रज डॉक्टर साक्षीला. हा वृत्तांत लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ ला चित्रासह छापला. तो वाचून तिकडच्या जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, तशीच शस्त्रक्रिया लंडनमध्ये केली. आज जगभर प्लास्टिक सर्जरीच्या पुस्तकात हे येतं.

कुंभाराचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. गाडीवानाचं ठेवलं, दोन साहेबांचं ठेवलं.

चकली
पुणेकराला नाकाची काळजी पहिल्यापासूनच :)

हडपसरचा
कुंभाराचं नाव नाही यात नवल ते काय.

सिस्टरआक्का
मी ससूनला नोकरी करून निवृत्त झाले. इतका वेळ नुसती वाचत होते.

विटाळाचं म्हणता ते खरं आहे, पण अर्धं. नर्सिंगमध्ये घरंदाज मुली पाठवायच्या नाहीत असाच सगळा समज होता. आमच्या वेळेलासुद्धा लग्न जमवताना 'नर्स आहे' म्हटलं की समोरचे चहाचा कप खाली ठेवायचे. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं आणि तिथल्या मुली ससूनला शिकायला जाऊ लागल्या, त्यात विधवा पुष्कळ होत्या. घरात माणूस म्हणून किंमत नाही, वॉर्डात मात्र "सिस्टर, सिस्टर" म्हणून हाका. त्या बायकांनी काय सहन केलं असेल ते मी सांगू शकत नाही, पण अंदाज करू शकते.

तुमच्या पेठांनी इमारत दिली नाही, पण त्या इमारतीत रात्रपाळी करणाऱ्या मुली दिल्या. ते दान कोणी मोजत नाही. कोनशिला लागत नाही ना.

आणि एक सांगते. ससूनला येणारे कोण, हे मी इतकी वर्षं बघितलं. भोर, वेल्हे, मुळशी, बारामती, दौंड, पार सोलापूर-नगरकडची माणसं. रात्रीच्या गाडीने यायची, स्टेशनला उतरायची, चालत गेटपर्यंत. पेशंटबरोबर चार नातेवाईक, पिशवीत भाकरी. वऱ्हांड्यात चादर टाकून झोपायची. आमच्या मावश्या त्यांना हाकलायच्या आणि नंतर त्याच मावश्या त्यांना आपला चहा द्यायच्या. शहरातला शिकलेला माणूस यायचा तो अपघात, जळीत किंवा सर्पदंश, म्हणजे कॅज्युअल्टीत. नाहीतर ससून म्हणजे काय, त्याला फक्त बसच्या खिडकीतून माहीत.

नारायणपेठी
आक्का, दंडवत. हा प्रतिसाद धाग्यावर वर चिकटवा कोणीतरी.

अनुस्वार
सगळ्या शिकलेल्यांनी खिडकीतूनच पाहिलं असं नाही :) गांधीजींचं अपेंडिक्स ससूनला काढलं. जानेवारी १९२४, येरवड्याच्या तुरुंगातून आणलं होतं. कर्नल मॅडॉक सर्जन. मध्येच दिवे गेले, टॉर्चसुद्धा गेला, शेवटी कंदिलाच्या उजेडात टाके घातले. ती खोली अजून जपून ठेवली आहे. पुढच्या महिन्यात सरकारने त्यांना सोडूनच दिलं.

गंमत अशी की १९०९ मध्ये त्यांनीच रुग्णालयं म्हणजे पाप वाढवणाऱ्या संस्था असं लिहून ठेवलं होतं.

बिनपगारी
पोटात दुखायला लागलं की सगळ्यांची मतं बदलतात.

खडकीकर
साहेबाच्या सरकारने कैदी मरू नये म्हणून केलं ते. मेले असते तर देश पेटला असता. उगाच गहिवरू नका.

रेवतीधायरी
मंडळी, इतिहास छान चाललाय, मध्येच एक वर्तमानातला प्रश्न विचारते, रागावू नका.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या यजमानांना बायपास सांगितली आहे. वय पन्नाशीच्या आत. ते बांधकामावर गवंडीकाम करायचे, आता बसून आहेत. एका मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात गेले तर काउंटरवर आधी अनामत भरा असं सांगितलं, रक्कम ऐकून परत आले. रेशनकार्ड केशरी आहे. कुठे जावं? ससूनला नंबर लागायला वेळ लागेल असं कोणीतरी त्यांना घाबरवून ठेवलंय.

कलमबहाद्दर
वकील आहे, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात फेऱ्या मारतो. सविस्तर लिहितो, इतरांनाही उपयोग होईल.

'ट्रस्टचं रुग्णालय' म्हणजे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेलं. यांना जागा, कर, बांधकाम यात वेगवेगळ्या सवलती मिळालेल्या असतात. त्या बदल्यात कायद्याचं कलम ४१ कक त्यांच्यावर गरिबांचं बंधन घालतं. बरीच वर्षं हे बंधन कागदावर होतं. मग २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि २००६ मध्ये न्यायालयाने योजनाच घालून दिली.

योजना अशी: एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी, पूर्ण मोफत. आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी, सवलतीच्या दराने. खर्चासाठी रुग्णालयाने एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी म्हणून वेगळ्या खात्यात टाकायची. उत्पन्नाची मर्यादा मध्ये वाढवली, आता निर्धनसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बलसाठी ३ लाख ६० हजार. तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागायची नाही, आधी दाखल करून जीव वाचवायचा, हेही त्यातच आहे.

मावशींनी करायचं काय: तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार. काउंटरवर वाद घालायचा नाही. थेट रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जायचं, वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं आणि लेखी अर्ज द्यायचा. अर्जाची पोच घ्यायची. पोच हा शब्द विसरू नका. तोंडी 'खाट शिल्लक नाही' म्हणणारे कागदावर तसं लिहून देत नाहीत.

पण बायपास आहे, त्यामुळे त्याआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बघा. त्यात हृदयाच्या शस्त्रक्रिया आहेत आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला शोधा.

रेवतीधायरी
खूप खूप आभार. उद्याच दाखल्याचं बघायला सांगते. महापालिकेची पण काहीतरी योजना आहे ना?

कलमबहाद्दर
शहरी गरीब योजना. धायरी आता पालिका हद्दीत आहे, पण मावशी राहतात कुठे ते महत्त्वाचं. आधी फुले योजना, ते नाही जमलं तर हे.

डॉक्टरबोलतो
दुसरी बाजू मांडतो, शिव्या खायची तयारी आहे.

ट्रस्टच्या रुग्णालयात काम करतो. काउंटरवर बसलेला मुलगा कंत्राटी असतो, त्याला योजना माहीतच नसते. त्याला माहीत असतं एवढंच की बिल बुडालं तर त्याला बोलणार. दोन टक्के निधी वर्षाच्या मध्यातच संपला, तर पुढच्या रुग्णाचा स्टेंट, व्हॉल्व्ह, आयसीयूचा खर्च कोणी घालायचा, याचं उत्तर वर कोणाकडे नसतं. सरकारी योजनेचे दर प्रत्यक्ष खर्चाला पुरत नाहीत, पैसे येतात तेही रखडत. यात डॉक्टर मधल्यामध्ये चेपला जातो. आणि वर नातेवाईक मारायला उठतात.

मी समर्थन करत नाही. काउंटरवर गरीब माणसाचा अपमान होतो हे मी रोज बघतो.

हडपसरचा
डॉक्टर, प्रामाणिक लिहिलंत. पण सवलतीची जमीन घेताना कोणी म्हणालं नव्हतं की परवडत नाही.

डॉक्टरबोलतो
बरोबर.

मुठाकाठ
एप्रिल २०२५ मध्ये अनामत रकमेवरून पुण्यात केवढा गदारोळ झाला होता. तेव्हा सगळ्या रुग्णालयांच्या दारात मोफत खाटांचे फलक चकचकीत लागले. आता बघा, अर्ध्या ठिकाणी फलकापुढे कुंडी आहे.

चकली
पुणेरी पाटी सुचली: "निर्धन रुग्णांनी पोच मागू नये. रुग्णास भेटण्याची वेळ सायंकाळी ४ ते ६. डॉक्टरांस भेटण्याची वेळ ज्याच्या त्याच्या नशिबाने."

खडकीकर
"येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल. ऑक्सिजनची नव्हे."

सिस्टरआक्का
चकलीबाई, हसले, पण एक दुरुस्ती. ससूनला मोफत खाट मागावी लागत नाही. केसपेपर काढा आणि आत या.

कलमबहाद्दर
आक्का, त्यातही एक गोम आहे. ऑगस्ट २०२३ पासून राज्यात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार, केसपेपर सगळं मोफत झालं. म्हणजे औंधचं जिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं. ससून येतं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, त्यामुळे तो निर्णय तिथे लागू नव्हता. कमला नेहरू, नायडू पालिकेची. वायसीएम पिंपरी-चिंचवडची. बिबवेवाडीचं ईएसआय कामगार विम्याचं. एकाच शहरात आजारी माणसाने कोणत्या दारात जायचं हे ठरवायला आधी माझ्यासारखा वकील लागतो.

अनुस्वार
हे मात्र खरंय. आणि मुळात असं व्हायचं नव्हतं. भोर समितीचा अहवाल १९४६ चा, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीचा. पैसे नाहीत म्हणून कोणाही माणसाला उपचार नाकारले जाऊ नयेत, हे त्यात सरळ लिहिलंय. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना तिथूनच आली. त्यांच्या डोक्यात साखळी होती: गावातलं केंद्र, वर तालुका, वर जिल्हा. आपण खालची कडी अशक्त ठेवली आणि सगळा भार शेवटच्या कडीवर, म्हणजे ससूनच्या वऱ्हांड्यात. आक्कांनी वर सांगितलेली भाकरीची पिशवी त्यामुळे आहे. वेल्ह्यात बाळंतपण झालं असतं तर पुण्यापर्यंत यायचं कारण काय?

बिनपगारी
यावर बानूबाई कोयाजींचं काम आठवलं. १९४४ मध्ये केईएमला आल्या तेव्हा ते चाळीस खाटांचं प्रसूतिगृह होतं, त्यांनी ते पाचशेच्या वर नेलं. पण मोठं काम वढूचं. सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला गेल्या आणि गावातल्याच बायका तयार केल्या, आरोग्य कार्यकर्त्या म्हणून. ज्या बायकांना अक्षर कसंबसं येत होतं त्या बाळंतपणातला धोका ओळखून वेळेवर पुढे पाठवू लागल्या. १९९३ मध्ये मॅगसेसे मिळालं. आज आशाताई घरोघरी हिंडतात ना, तसं काम इथे आपल्या जिल्ह्यात त्याच्या कितीतरी आधी चालू होतं. त्याच काळात जामखेडला आरोळे पती-पत्नी तेच करत होते.

तर धागाकर्ते, पारशी असतील, पण वढूला गेल्या. आपण अजून वढूला गेलो ते संभाजी महाराजांच्या समाधीपुरते.

नारायणपेठी
झोंबलं. बोला अजून.

मुठाकाठ
२००९ चा ऑगस्ट आठवतो कोणाला? स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला आणि सगळं शहर नायडू रुग्णालयाच्या दारात. जे लोक पालिकेच्या दवाखान्याच्या फुटपाथवरून चालत नव्हते ते तोंडाला रुमाल बांधून रांगेत उभे. कोथरूडचे बंगलेवाले, ताडीवाला रोडवरचे, सगळे एकामागे एक. चाचणी तिथेच होती, दुसरीकडे जाताच येत नव्हतं. मग मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले करोना रुग्ण, तेही नायडूलाच.

साथ गेली की बंगलेवाले परत आपापल्या जागी. पण त्या दोन वेळा पालिकेच्या दवाखान्याचं छत गळतं का, याची चौकशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आली. एरवी कोण करतं?

डॉक्टरबोलतो
याला सौ टक्के सहमत. ज्या रुग्णालयात नगरसेवकाची आई दाखल होते ते रुग्णालय सुधारतं.

जुनाबाजार
मूळ प्रश्नावर येतो. दोन दिवस डोक्यात होता.

धागाकर्त्यांची तुलनाच मला थोडी तिरकी वाटते. एकोणिसाव्या शतकात रुग्णालय म्हणजे कोणाची जागा होती? ज्याला घर नाही त्याची. शिपाई, प्रवासी, भिकारी, बेवारस. ज्याच्या घरात खाट आहे, उशाशी बसायला आई-बायको आहे, त्याच्याकडे वैद्य घरी यायचा. पुढे डॉक्टरसुद्धा घरीच यायचा, बॅग घेऊन, आणि कंपाउंडर बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून द्यायचा. बाळंतपण सुईणीच्या हातून, माहेरी. ऑपरेशन हा शेवटचा आणि बहुतेक जीवघेणा उपाय. तेव्हा वाड्यातल्या माणसाला रुग्णालयाची गरज स्वतःसाठी वाटतच नव्हती. शाळा मात्र स्वतःच्या मुलासाठी हवी होती, नोकरी त्यावर होती. माणूस जे स्वतःला लागतं त्यासाठी वर्गणी काढतो.

ससून, जीजीभाय यांचं वेगळं. व्यापारी मंडळी, शहराच्या आणि सरकारच्या नजरेत स्थान हवं, नाव हवं, आणि धर्मात दान सांगितलेलं. त्यांनी गरिबासाठी बांधलं कारण रुग्णालय गरिबासाठीच असायचं. मध्यमवर्ग रुग्णालयात जायला लागला तो नंतर, भूल देण्याचं तंत्र, निर्जंतुकीकरण, क्ष-किरण हे सगळं आल्यावर. जहांगीर १९४६ चं, रुबी १९५९ चं, हे उगाच नाही. तेव्हा पैसेवाल्यालाही खाट हवी झाली. आणि मग खाटेला भाडं आलं.

म्हणून विटाळ हे एक कारण, पण मला ते दुसऱ्या क्रमांकाचं वाटतं.

हडपसरचा
मला पहिल्याच. तुमच्या उत्तरात 'उशाशी बसायला आई-बायको' आहे, ती बाईच आजारी पडली तर कोण बसायचं? आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये इथे पुण्यात बावीस पूर्ण व्हायच्या आत गेल्या. बायकांना पुरुष डॉक्टर चालत नव्हता, बाई डॉक्टर नव्हती, हे सगळं शिवायचं कोणी याच प्रश्नाशी येऊन थांबतं.

जुनाबाजार
हा मुद्दा वजनदार आहे. बायकांची रुग्णालयं वेगळी का काढावी लागली त्याचं उत्तर त्यात आहे, मुंबईचं कामा रुग्णालय १८८६ चं. पण आपण दोघं वेगळ्या टोकांवरून एकच वाडा बघतोय असं वाटतं.

खडकीकर
एकमत होतंय की काय? धागा बंद करा.

नारायणपेठी
माझं मत थोडं हललं, पूर्ण नाही. 'स्वतःला लागतं त्यासाठी वर्गणी' हे पटलं. पण मग आज सगळ्यांनाच रुग्णालय लागतं, आणि वर्गणी आपण विमा कंपनीला देतो. पालिकेचा दवाखाना दारातून दोन मिनिटांवर आहे, आत शेवटचा कधी गेलो ते आठवत नाही. लसीसाठी गेलो असेन.

रेवतीधायरी
मंडळी, अपडेट देते. उत्पन्नाचा दाखला मिळाला. मावशी धायरीतच राहतात. फुले योजनेतल्या एका रुग्णालयात आरोग्यमित्र भेटला, माणूस चांगला निघाला, त्याने कागद बघून प्रकरण ऑनलाइन टाकलं. मंजुरी आली की तारीख देतील. अनामत कोणी मागितली नाही. काल मावशी कामावर आल्या त्या प्रथमच जरा बोलल्या.

आता रक्ताच्या बाटल्या बदली द्यायला सांगतील असं त्यांना कोणीतरी म्हणालंय. मागतात का तसं?

सिस्टरआक्का
बायपासला तयारी ठेवायला सांगतात. बदली रक्तदाते आणा म्हणून सक्ती करता येत नाही, पण ओळखीतले दोन-चार तयार ठेवलेले बरे. दात्यांनी आदल्या रात्री नीट जेवून, झोपून यावं. उपाशी येतात आणि खुर्चीतच चक्कर येऊन पडतात.

डॉक्टरबोलतो
रक्तगट कोणता त्यांचा?

रेवतीधायरी
बी पॉझिटिव्ह.

खडकीकर
माझा बी पॉझिटिव्ह आहे. खाजगी निरोप धाडतो. तारीख कळवा, सकाळची असेल तर बरं, दुपारी पाळी असते.

चकली
मी पण बी पॉझिटिव्ह, पण हिमोग्लोबिन कमी म्हणून मागच्या वेळी परत पाठवलं. नवऱ्याला पाठवते, त्याला सुईची भीती वाटते, तेव्हा आधी सांगणार नाही.